सह्याद्रीच्या पावसात कॅमेरा: बॅगेत भरण्यापासून कपाटात ठेवण्यापर्यंत

जून ते सप्टेंबर हे सह्याद्रीचे सगळ्यात देखणे महिने, आणि नेमके याच काळात कितीतरी कॅमेरे कपाटात बंद पडून असतात. पावसाची भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी बसलेली असते. थेंब दिसतात, म्हणून आपण ते लगेच पुसतो. हवेतली वाफ दिसत नाही. ती एसी गाडीतून उतरताना काचेवर धरते, बॅगेच्या फोममध्ये मुरते आणि घरी आल्यावर बंद कपाटात बुरशीला खाद्य पुरवते. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा वापरायचा असेल तर अर्धं लक्ष पाण्यावर आणि अर्धं ओलाव्यावर ठेवायचं.

‘वेदर सील्ड’वर किती भिस्त ठेवायची

या शब्दांचा अर्थ एवढाच, की बटणांच्या, डायलच्या आणि झाकणांच्या फटींत रबरी सील बसवले आहेत. रिमझिम सोसेल, शिंतोडे सोसेल, तासभर मुसळधार सोसेलच असं नाही. बहुतेक कंपन्या याचं मोजमाप छापत नाहीत. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ सारख्या काही कॅमेऱ्यांना योग्य लेन्ससह आयपी५३ दर्जा दिलेला असतो. त्यातला ५ धुळीचा आणि ३ पाण्याचा. हा ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरप्या येणाऱ्या फवाऱ्यापासून संरक्षण. घाटमाथ्यावर वारा पाऊस खालून वर फेकतो, त्याचा या चाचणीत समावेश नाही. शिवाय सील असलेल्या कॅमेऱ्यातही पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर सगळा बंदोबस्त वाया. लेन्सच्या मागच्या धातूच्या कडेला रबराची पातळ रिंग आहे का ते बघा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या बहुतेक किट लेन्सना ती नसते. कॅननच्या १७-४० एफ/४ एल सारख्या काही लेन्सचं सीलिंग तर पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं. आणखी एक कच्चा दुवा म्हणजे झूम करताना लांब होणारी लेन्स. ती लांब होताना बाहेरची हवा आत ओढते आणि नळीवर बसलेलं पाणी आखडताना आत घेऊन जाते. अशा लेन्सने पावसात काम करायचंच असेल तर एक फोकल लेंग्थ (झूमचा आकडा) ठरवून तिथेच राहा, आणि आखडण्याआधी नळी कोरडी पुसा.

कव्हर, बॅग, फडकी

महागडं रेन कव्हर लागतंच असं नाही. किराणा दुकानातली जाड पारदर्शक पिशवी घ्या, तळाला लेन्स हूडच्या व्यासापेक्षा थोडं लहान भोक पाडा, पिशवी कॅमेऱ्यावर उलटी चढवा आणि भोकाची कड हूडवर रबरबँडने घट्ट करा. मागची बाजू उघडी राहते, तिथून हात आत घालायचा. व्ह्यूफाइंडरसाठी वेगळं भोक पाडू नका, पारदर्शक पिशवीतून स्क्रीन पुरेसा दिसतो. अशा दोन-तीन पिशव्या घडी करून खिशात ठेवा, कारण करवंदीच्या जाळीत एक हमखास फाटते. हूड मात्र विसरू नका. तो पुढच्या काचेला थेंबांपासून जेवढं वाचवतो तेवढं दुसरं काही वाचवत नाही.

बॅगेला मिळणारं रेन कव्हर बॅगेची पाठ झाकत नाही. पाठीवरून ओघळणारं पाणी पट्ट्यांमधून आत शिरतं आणि तळाशी साचतं, तेही कव्हर तळाला असल्याने निथळत नाही. म्हणून बॅगेच्या आतच कचऱ्याची मोठी काळी पिशवी किंवा ड्राय बॅग घालून त्यात सगळं सामान भरा. बाहेरचं कव्हर चिखलापुरतं. बॅटऱ्या आणि कार्डं वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा. अंगावर जॅकेटपेक्षा सैल पॉंचो बरा पडतो, कारण शेतकऱ्याच्या इरल्यासारखा तो वरून आडोसा करतो आणि कॅमेरा त्याच्याखाली धरता येतो.

मायक्रोफायबरची चार-पाच फडकी हवीत, आणि ती एका पिशवीत नकोत. कोरडी वेगळ्या पिशवीत, वापरलेली वेगळ्या. बॉडी पुसायला जुना सुती पंचा उत्तम, तो पाणी झटकन शोषतो. काचेवरचा थेंब घासायचा नाही. आधी ब्लोअरने उडवा, उरलेला फडक्याच्या कोपऱ्याने टिपा. घाटातल्या पाण्यात बारीक माती असते, घासलं की तीच कोटिंगवर चरे पाडते. याच कारणासाठी एरवी निरुपयोगी वाटणारा यूव्ही फिल्टर पावसाळ्यात कामाचा, शक्यतो पाणी न धरणारं कोटिंग असलेला.

लेन्स बदलायची वेळ येऊच देऊ नका. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४-१०५, एपीएस-सीवर (लहान सेन्सरच्या) १६-८० किंवा १८-१३५ अशी एकच लेन्स लावून निघा. बदलावीच लागली तर गाडीत किंवा पक्क्या छताखाली, आणि बॉडीचं तोंड खाली करून.

एसी गाडीतून उतरताना

मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाडीत एसी २०-२२ अंशांवर असतो. कॅमेरा तीन तासांत तेवढाच गार होतो. बाहेर पावसाळी हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, कोकणात साधारण २४-२५ अंशांपर्यंत असतो. कॅमेरा त्याहून गार, म्हणून दार उघडताच काचेवर धुकं. पुसलं की पुन्हा येतं, कारण काच अजून गारच आहे. आणि त्याच क्षणी लेन्स काढली तर तेच धुकं सेन्सरवर आणि लेन्सच्या मागच्या काचेवर धरतं, जिथे ते पुसता येत नाही.

उपाय सोपा आहे. ठिकाण अर्धा तासावर आलं की एसी बंद करून काचा थोड्या खाली करा. ते जमणार नसेल तर कॅमेरा घरूनच हवाबंद झिप पिशवीत घालून आणा आणि उतरल्यावर २०-३० मिनिटं पिशवी उघडू नका. दव पिशवीच्या बाहेर धरेल, कॅमेरा आत निवांत तापेल. तरीही काच धुकटलीच तर पुसत बसू नका, थांबा. लॉजच्या एसी खोलीतून पहाटे निघतानाही हाच नियम. रात्री कॅमेरा पिशवीत बंद करूनच झोपा.

धबधबा: फिल्टर किती काळा हवा

धबधबा म्हटलं की लोक १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच, विकत घेतात. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. पावसाळ्यात तो जवळजवळ कधीच लागत नाही. दाट ढगांखाली आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ ला (एफचा आकडा मोठा, तेवढं लेन्सचं छिद्र लहान) शटर साधारण १/६० सेकंद येतं. एफ/११ ला गेलात की १/३०. त्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, लावला, जो सुमारे दीड स्टॉप उजेड खातो, की १/१०. आता ३ स्टॉपचा एनडी८ लावा, शटर पाऊण सेकंदाच्या आसपास येईल. एवढं पुरे. झाडीतल्या ओढ्यावर उजेड आणखी दोन स्टॉप कमी असतो, तिथे नुसत्या पोलरायझरवर १/३ सेकंद मिळतं, एनडी बॅगेतच राहू द्या. पैसे घालायचे तर पोलरायझरवर घाला. ओल्या पानांवरची आणि काळ्या बसाल्टवरची पांढरट चकाकी तो काढतो, आणि हे काम नंतर संगणकावर होत नाही. पाण्यावरच्या चकाकीसाठी तो सगळ्यात प्रभावी ठरतो पृष्ठभागाशी ३५-४० अंशांच्या कोनातून बघताना. फिरवताना स्क्रीनवर नजर ठेवा. तुषारांत इंद्रधनुष्य असेल तर चुकीच्या कोनात पोलरायझर ते पूर्ण पुसून टाकतो.

शटर पाण्याच्या स्वभावावर ठरवा. ताम्हिणीत रस्त्याकडेला कातळावरून उतरणाऱ्या बारीक धारांना अर्धा ते एक सेकंद शोभतो. भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा किंवा विल्सन धरणाचं पाणी सोडल्यावर दिसणारा अंब्रेला धबधबा यांचं पाणी फार, तिथे एक सेकंद दिला की नुसता पांढरा गोळा उरतो. १/१५ ते १/४ मध्ये धारांचा पोत टिकतो. पूर आलेलं तांबडं पाणी तर १/५०० किंवा त्याहून वेगानेच घ्या, त्याची ताकद गोठलेल्या शिंतोड्यांतच दिसते.

पाण्याचा पांढरा भाग जळू नये म्हणून एक्स्पोजर -०.३ ते -०.७ ठेवा आणि हायलाइटची लुकलुक (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सूचना) चालू करा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) तपशील मऊ पडतो. एपीएस-सीवर एफ/११ लाच थांबलेलं बरं. वाऱ्याने पानं हलत असतील तर ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या: एक संथ शटरचा पाण्यासाठी, एक आयएसओ वाढवून १/१२५ चा पानांसाठी. नंतर दोन्ही जोडता येतात. हल्लीच्या बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनवर (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीवर) वाइड लेन्सने १/४ सेकंद हातातही जमतं, पण एका जागी पाच-सहा फोटो काढून त्यातला धारदार निवडावा लागतो.

ट्रायपॉड ओढ्यात उभा करायचा तर सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे वरचे लॉक पाण्याबाहेर राहतात. पाय दाबून रोवा, मधला दांडा वर काढू नका. घरी आल्यावर सगळे भाग बाहेर ओढून साध्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. फिरकीच्या लॉकमध्ये वाळू राहिली तर पुढच्या वेळी लॉक करकरतं आणि मग आटे झिजतात.

एक गोष्ट फोटोपेक्षा महत्त्वाची. ओढ्यात उभे असताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, किंवा आवाज बदलला, तर ट्रायपॉड तिथेच सोडून बाहेर पडा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झालेला असतो. धोक्याच्या धबधब्यांवर जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं, निघण्याआधी त्या जिल्ह्याचे आदेश बघून घ्या.

उलटा धबधबा

जुन्नरजवळच्या नाणेघाटात किंवा आंबोलीजवळच्या कावळेसाद भागात कोकणातून चढणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी परत वर फेकतो. इथे नेहमीचा मंत्र उलटा करायचा. संथ शटरने हे पाणी धुक्यात विरघळतं आणि काय चाललंय ते कळतच नाही. १/५०० ते १/१००० ठेवा, आयएसओ ८०० पर्यंत गेला तरी चालेल. शक्यतो बाजूने, गडद कड्याची किंवा झाडीची पार्श्वभूमी मिळेल असं उभे राहा, पांढऱ्या आभाळासमोर पांढरं पाणी दिसत नाही.

वारा समोरून असल्याने काच दोन सेकंदांत भिजते. हूडवर फडकं टाकून ठेवा, चौकट जुळवा, फोकस करून मॅन्युअलवर नेऊन टाका, फडकं काढा, तीन-चार फोटो भराभर घ्या, पुन्हा झाका. फोटो मोठा करून बघताना कॅमेऱ्याची पाठ वाऱ्याकडे नको, आपली पाठ वाऱ्याकडे हवी. कड्याच्या कठड्याबाहेर जायचं नाही. वारा जेवढ्या जोराने ढकलतो तेवढ्याच अचानक थांबतो, आणि त्याच्यावर रेललेला माणूस पुढे जातो. छत्री तर आणूच नका.

धुकं आणि पडता पाऊस

धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर +०.७ ते +१ द्या, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजवीकडे झुकू द्या, फक्त टोकाला आपटू देऊ नका. ऑटोफोकस मागेपुढे करत राहिला तर फोकस पॉइंट एखाद्या खोडाच्या कडेवर किंवा बुरुजाच्या रेषेवर ठेवा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घ्या. संगणकावर डीहेझची पट्टी ओढून धुकं काढून टाकण्याचा मोह टाळा. माळशेजला ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा तो ढगच तर फोटोचा विषय असतो.

डोळ्यांना दिसणारा पाऊस फोटोत सहसा गायब होतो. तो दिसायला तीन गोष्टी लागतात: मागे गडद पार्श्वभूमी, समोरून किंवा तिरका येणारा उजेड आणि योग्य शटर. टपोरा थेंब सेकंदाला ८ मीटरच्या आसपास पडतो, म्हणजे १/१२५ मध्ये साधारण ६ सेंटिमीटर. ५० ते १०० मिलिमीटर लेन्सवर १/६० ते १/१२५ ला पावसाच्या छान रेघा मिळतात. फ्लॅश मारलात तर जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन चेहऱ्यावर येतात.

फोनने काढणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. ओल्या स्क्रीनवर बोट काम करत नाही, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढा. आणि आयपी६८ असला तरी चार्जिंगचं भोक ओलं असताना केबल लावू नका.

कॅमेरा भिजलाच तर

ताबडतोब बंद करा, बॅटरी काढा, मग कार्ड. ‘चालतोय का बघू’ म्हणून पुन्हा चालू करणं हीच सगळ्यात महागात पडणारी कृती आहे. पाण्याने सर्किट लगेच मरत नाही, ओल्या सर्किटमधून वीज गेली की मरतं. बाहेरून टिपून घ्या, सगळी झाकणं उघडी ठेवा, लेन्स काढून दोन्ही वेगळे ठेवा. हेअर ड्रायर नको: गरम हवा पाणी आणखी आत ढकलते आणि गोंद मऊ करते. तांदळात पुरणंही नको, त्याचा पिठूर फटींत जातो आणि तांदूळ म्हणावं तसं शोषतही नाही. हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ४८ तास ठेवा.

हे गोड्या पाण्याचं झालं. समुद्राचं पाणी आत गेलं असेल तर वाट बघू नका. मीठ तांब्याला तासातासाने खातं, त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. किनाऱ्यावर नुसती खारी हवा लागली असेल तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि ट्रायपॉड पुसून मग कोरडं करा.

घरी आल्यावर

थकून आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात पडते, आणि बुरशीची सुरुवात तिथे होते. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. त्यांना अंधार, साचलेली हवा, ६५-७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता आणि बोटांच्या तेलाचा किंवा धुळीचा घास मिळाला की काही आठवड्यांत काचेवर जाळं दिसू लागतं. त्यातून सुटणारं आम्ल आधी कोटिंग खातं, मग काच. तिथपर्यंत गेलेली लेन्स साफ झाली तरी डाग राहतात.

त्याच रात्री बॅग पूर्ण रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवा. पट्टा सोडवून वेगळा वाळवा. कॅमेरा आणि लेन्सही पंख्याखाली दोन-तीन तास. ओलं सामान थेट हवाबंद डब्यात घातलं तर तुम्ही ओलावा कोंडून ठेवता.

मग डबा. स्वयंपाकघरात मिळणारा, झाकणाला रबरी कड आणि चारही बाजूंना कडी असलेला १०-१२ लिटरचा डबा चालतो. त्यात २००-२५० ग्रॅम सिलिका जेल आणि काही शे रुपयांना मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक. एवढं जेल कशाला, असं वाटेल. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या १० लिटर हवेत पाणी असतं जेमतेम पाव ग्रॅम. खरं पाणी असतं पट्ट्यात, फोममध्ये, कापडी पाऊचमध्ये, आणि झाकण उघडलं की नवी हवा येते ती वेगळी. म्हणून डब्यात फक्त धातू आणि काच ठेवा. चामडी केस, फोमचे कप्पे, पुठ्ठ्याचे खोके बाहेर. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

मापकावर ४० ते ५० टक्के हवेत. ३० च्या खाली सतत ठेवलं तर रबर आणि वंगण सुकतं. स्वस्त मापक पाच-दहा टक्के चुकू शकतो, तो तपासता येतो: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंबभर पाणी टाकून चिखलासारखं करा, ते आणि मापक एका छोट्या बंद डबीत आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जो फरक दिसेल तो लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

जेल नारिंगी घ्या, ओलं झालं की हिरवं होतं. निळ्याचं गुलाबी होतं, पण त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं, मुलं असलेल्या घरात आणि स्वयंपाकाच्या भांड्यांत ते नको. रंग बदलला की वेगळ्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. त्याहून तापवलं तर रंगद्रव्य जळून मणी तपकिरी होतात आणि मग ते कधी भरले हे कळत नाही. थंड करताना ताटात उघडं ठेवू नका, बंद बरणीत ठेवा, नाहीतर निवेपर्यंत अर्धी ताकद परत ओलावा पिण्यात जाते.

दोन बॉडी आणि चार-पाच लेन्स असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, ४५ वर लावून विसरा. वीज गेली तरी दार बंद असेल तोवर आतली हवा बराच वेळ कोरडी राहते. आणि डबा असो वा कॅबिनेट, आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. उजेड आणि वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

महिन्यातून एकदा तपासणी. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पुढून बघा. धूळ सुट्या ठिपक्यांत दिसते. बुरशी फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखी, बहुतेकदा काचेच्या कडेकडून आत सरकणारी. मुंबईतल्या बोरा बाजारातून किंवा कुणाकडूनही जुनी लेन्स घेताना दुकानातच ही चाचणी करा, विशेषतः पावसाळा संपल्यावर.

बुरशी अगदी बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्स टिशूवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-तीन थेंब घेऊन हलक्या हाताने पुसा. थेंब काचेवर थेट टाकू नका, कडेने आत जातात. आतल्या काचेवर असेल तर ती लेन्स लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा आणि कारागिराकडे द्या. देताना एकच विचारा: जाळं सुट्या काचेवर आहे की चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये. सुट्या काचेवरचं निघतं. मधलं असेल तर ती जोडकाचच बदलावी लागते, आणि साध्या झूमच्या बाबतीत तेवढ्या खर्चात बहुधा दुसरी लेन्स येते.